गिटारीसोबत संबळ घेतला, पण गाणं माझं वाटेना

बालाघाटी:
राम राम मंडळी. मी अंबाजोगाईचा. पाच वर्षांपासून स्वतःची पॉप-रॉक गाणी घरीच रेकॉर्ड करायलोय. माझ्यावर छाप दोघांची. एक अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथ. पठ्ठ्यानं १९९४ मध्ये आलेला पहिला एकल अल्बम घरात, चार-ट्रॅक मशीनवर (चार आवाज वेगवेगळे टेप करणारं यंत्र) केला. एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवायचा, त्यानं हळू आवाजसुद्धा भरीव लागतो. ते मी तसंच उचललं. दुसरी छाप आजोळच्या गोंधळाची. लग्न लागलं की रात्रभर संबळ. एक भांडं टणक बोलतं, दुसरं घुमतं, मागं तुणतुण्याची एकच तार.

आता नव्या गाण्यात ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि संबळ तिन्ही घेतले, तर काहीच उमटेना. मिक्सिंगवाला म्हणतो संबळ काढून टाक. मला तो काढायचाच नाही. काय करू?

ठेका_परभणी:
संबळ नको, स्नेअर (ड्रममधला कडक वाजणारा ढोल) काढ. संबळाचं टणक भांडं आणि स्नेअर एकाच जागेवर भांडायलेत. किक (पायानं वाजवायचा मोठा ढोल) तेवढी राहू दे. गिटारीचे दोन टेक घे (म्हणजे दोनदा वाजवून रेकॉर्ड कर), एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे वरच्या टोकदार सुरांत, गिटारीचा आवाज थोडा कमी कर. मधली जागा संबळाला आणि तुझ्या गळ्याला मोकळी होईल. आणि संबळ वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक (लय मोजणारी टिकटिक) घालू नकोस. आधी त्याला मोकळं वाजवू दे, मग त्यावर गिटार चढव.

गोदाकाठ:
नांदेडची आहे, शाळेत मराठी शिकवते. तुमचं गाणं तीनदा ऐकलं. संबळ उपरा वाटतो, पण कारण मिक्सिंगचं नाही असं मला वाटतं. इथं तुम्ही ‘करायलोय’ लिहिता आणि गाण्यात मात्र ‘मी वाट पाहतो आहे’ म्हणता. ‘आहे’वर ओळ दरवेळी थांबते, संबळ पुढं निघून जातो. ‘वाट बघायलोय’ म्हणून पाहा. ‘लोय’वर आपोआप हेल येतो, तो ठेक्याला धरूनच असतो. आपली बोली गाण्यात आणायला लाजू नका, बाळा.

बालाघाटी:
ताई, काल रात्री बसलो. स्नेअर काढला, ‘बघायलोय’ गायलो. पहिल्यांदा मलाच कसंतरी झालं. गाताना मी असं कधी बोललोच नव्हतो. मग एक अडचण आली. दोन टेक एकावर एक ठेवले की ‘लोय’चा हेल जुळेना, दरवेळी वेगळा पडायला. म्हणून कडव्यात एकच आवाज ठेवलाय, दोन आवाज फक्त धृपदात. कडवं आता माझ्या तोंडचं वाटायलंय.

आजोळच्या गोंधळी काकांना फोन केला. पावसानं चामडं ढिलं पडलंय, शेकून घेतो म्हणाले. रविवारी येतायत. ठेकाभाऊ, क्लिक लावणार नाही.