मदत हवी आहे: भावाला कोकेन सोडायचंय, गोव्यात उपचार कुठे घ्यावेत?

धाकटी:

नमस्कार. हे नाव आजच घेतलंय. नेहमीच्या नावाने लिहिलं तर वाचणाऱ्यांतले चार जण तरी आम्हाला ओळखतील.

माझा भाऊ ३१ वर्षांचा. पार्ट्यांना, लग्नांना साउंड आणि लाइट लावायचं काम करतो. हंगामात रात्र-रात्र जागरण असतं. अशाच एका जागरणात कोणीतरी त्याला पहिली लाइन दिली, त्याला चारेक वर्षं झाली. आधी फक्त शनिवार-रविवार होतं, गेल्या हंगामात रोज. चेहरा निम्मा झालाय, नाकातून रक्त येतं. दोन रात्री जागतो आणि मग दीड दिवस मेल्यासारखा झोपतो. उठला की कोणाशी बोलत नाही. आईची पाटली गहाण पडलीय हे आम्हाला पावती सापडल्यावर कळलं.

गेल्या रविवारी तो स्वतःहून माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मला थांबायचंय गो, जमत नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी हे लिहायला बसलेय.

अडचण अशी की आमचं राज्य जेमतेम पंधरा लाखांचं. बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे हे माहीत आहे, पण आमची चुलत वहिनी शेजारच्याच गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नर्स आहे. आम्ही घरी परतायच्या आधी बातमी वाड्यावर पोचलेली असेल. त्याच्या लग्नाचं बोलणं चालू आहे.

म्हणून खाजगी केंद्रांना फोन केले. एका ठिकाणी भाऊ तयार आहे का, हेसुद्धा विचारलं नाही. रात्री गाडी पाठवतो, चार माणसं येतील, सहा महिने भेट नाही, पैसे आगाऊ. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. जो स्वतः यायला तयार आहे त्याला उचलून का न्यायचं?

दारूसाठी, ब्राउन शुगरसाठी गोळ्या असतात, तशा कोकेनसाठी आहेत का? दवाखान्यात खरं सांगितलं तर पोलिसांपर्यंत जातं का? इथेच करावं की पुण्याला न्यावं? आत्ता जून आहे, ऑक्टोबरला त्याला कामावर बोलावणं येईल. एवढ्या वेळात काही होतं का?

पाऊसवाट:

ताई, मी त्याच जगातला, बारमागे उभा राहायचो. कोक सोडून हा सहावा पावसाळा.

कोकेनची तलफ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. एका इंजेक्शनने सुटतं असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. झोप आणि उदासी यांवर डॉक्टर औषध देतात, पण मुख्य काम समुपदेशनात होतं. तलफ कधी येते, कोणाच्या फोनने येते, हातात पैसे आले की काय होतं, हे एकेक उकलत बसायचं. माझी तलफ बिअरमधून यायची. दोन बाटल्या झाल्या की हात फोनकडे जायचा, म्हणून दारूही सोडावी लागली. शिवाय दोन्ही एकत्र घेतलं की यकृतात कोकाएथिलीन नावाचं वेगळंच रसायन तयार होतं आणि हृदयावर आणखी ताण पडतो. कधीही छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा आणि कोकेन घेतलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उपचार त्यावर ठरतात.

बांबोळीची भीती मलाही होती. पण गोमेकॉ शेजारीच असल्यामुळे तिथे दिसलेला माणूस कोणाला तरी बघायला आलाय असंच लोक धरतात. ओपीडीत मला ओळखीचे दोघे भेटले. तेही त्याच कामाला आले होते. आजपर्यंत कोणी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

ऑक्टोबरचं म्हणाल तर हा एक हंगाम त्याला त्या कामावर पाठवू नका. मी पाठ फिरवली नसती तर सुटलं नसतं.

समुपदेशिका:

धाकटी, पोलिसांबद्दल सांगते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांबाबतच्या कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. कोकेनचं अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुमच्या वहिनी नर्स असल्या तरी तो केसपेपर त्यांना उघडा नाही. तुमचा भाऊ स्वतः सही करून दाखल होऊ शकतो, त्यामुळे रात्रीच्या गाडीचा प्रश्नच येत नाही.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. गोव्यात हणजूणला कृपा फाउंडेशनचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. दूर नेलं की जुने नंबर, जुने रस्ते तुटतात, पण परत आल्यावर तेच रस्ते समोर असतात. म्हणून कुठेही दाखल करा, पण गोव्यात परतल्यावर दर आठवड्याला कोणाला भेटायचं हे आधीच ठरवून ठेवा. नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट, त्याच्या सभा मोफत असतात.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. बंद केल्यावरचे पहिले काही दिवस माणूस खूप झोपतो, खातो आणि मन फार खाली जातं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका आणि तसं काही वाटतंय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

धाकटी:

दोघांचेही प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. पाऊसवाट, तुमचं ओपीडीतलं त्याने मला दोनदा वाचायला लावलं. सोमवारी सकाळी बांबोळीला जातोय. मोबाइलमधले तीन नंबर त्याने माझ्यासमोर काढून टाकले.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं पाटली त्याने कर्जापायी ठेवली. हे तिला भावाने सांगावं की मी? सोमवारच्या आधी की नंतर? कोणाच्या घरी हे बोलणं झालं असेल तर कसं केलं ते लिहा, मी रात्री पुन्हा येऊन बघेन.