मदत हवी आहे: जंगली घोडी दत्तक घेतलीय, हाताला बुजते, न धमकावता माणसाळवायची कशी?

नमस्कार मंडळी, लिहिणं जरा लांबणार आहे, पण घोड्यांचा अनुभव असलेल्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आम्ही कोलोरॅडोत गावाबाहेर राहतो, थोडी जमीन आहे. २६ दिवसांपूर्वी मस्टँग घोडी आणली, तीन वर्षांची, कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ), नेवाडातल्या मोकळ्या कळपातली. इथे पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीवर असे कळप आहेत, १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, पण कळप वाढतात आणि चारा-पाणी पुरत नाही म्हणून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं त्यातले काही धरून दत्तक देतं. फी १२५ डॉलरपासून, पण अटी आहेत, दर घोड्यामागे किमान ४०० चौरस फूट कोरल (कुंपण घातलेलं आवार), न शिकवलेल्या मोठ्या घोड्याला सहा फूट कुंपण, वर निवारा. पहिलं वर्षभर ती कागदोपत्री सरकारचीच, नीट सांभाळली तरच नंतर आपल्या नावावर होते. मानेवर डावीकडे गोठवून उठवलेली पांढरी खूण आहे, त्यात जन्मवर्ष आणि नंबर.

माझे आजोबा धुळ्याकडचे, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडं आणायचे, त्यामुळे मला वाटलं होतं थोडंफार कळतं आपल्याला. पण ते घोडे शिंगरू असल्यापासून माणसांत वाढलेले. हिने माणूस जवळून पाहिला तोच मुळात हेलिकॉप्टरने कळप हाकलत आणला तेव्हा.

पहिले पाच दिवस मी काहीच केलं नाही, कोरलमध्ये बादली पालथी घालून बसायचे आणि मोबाईलवर मराठी पेपर मोठ्याने वाचायचे. मग ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली की मी दोन पावलं मागे जायचे, म्हणजे तिला कळावं की शांत राहिलं तर हे माणूस लांब जातं. चौदाव्या दिवशी हातातून गवत खाल्लं. आता काठीला लावलेल्या टेनिस बॉलला नाक लावते, लावलं की मी क्लिकर (दाबलं की टक् वाजणारी डबी) वाजवून एक घास देते. माझ्या हाताची मागची बाजू हुंगते. पण तोच हात खांद्याकडे नेला की अंगावरची कातडी थरथरते आणि थेट कोपऱ्यात पळते. दहा दिवस गाडी इथेच अडकलीय.

शेजारचे काका भले आहेत, जन्म घोड्यांत गेलाय, ते म्हणतात गोल कोरलमध्ये दमेपर्यंत पळव नाहीतर खांबाला बांधून ठेव, दोन दिवसांत गाय होईल. मला ते नकोय. हरलेलं जनावर गप्प उभं राहतं म्हणून त्याची भीती गेली असं नसतं ना?

अडचण अशी की माझ्याकडे वेळही नाही. आणताना घातलेली मोहरकी (धरायला-बांधायला तोंडाभोवती घालतात ते पट्टे) अजून तोंडावर आहे, नाकावरचे केस घासलेत आणि घोडी अजून वाढतेय. खूरही वाढलेत, नालबंद म्हणतो दोर टाकून पाडू किंवा डॉक्टरकडून गुंगीचं इंजेक्शन देऊ. खांद्याला हात कसा लावू? मोहरकी कशी काढू? आणि गुंगी दिली तर आत्तापर्यंत कमावलेला विश्वास जाईल का?

प्रतिसाद १

ताई, मी ऑरेगनमध्ये आहे, दोन मस्टँग माणसाळवलेत. हात नेऊ नका, आठ-दहा फुटांचा हलका बांबू न्या. त्याच्या टोकाने आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवा, घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. ती क्षणभर जरी थांबली तरी बांबू लगेच काढा. पळाली तर मात्र काढू नका, हळूच सोबत न्या, नाहीतर पळालं की सुटका होते एवढंच शिकेल. फार घाबरली तर तुम्हीच घाई केली, एक पायरी मागे या. मग रोज बांबू थोडा आखूड धरत जा. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पुरे.

मोहरकी काढायची घाई नको, आधी दुसरी सैल दोरीची मोहरकी नाक घालून घ्यायला शिकवा. पण नाकावर जखम दिसली तर वाट बघू नका, डॉक्टरला बोलवा. गुंगी देण्यात क्रूरपणा नाही, दोर टाकून पाडणं मात्र टाळाच. डॉक्टर येईल त्याच वेळी मोहरकी आणि खूर दोन्ही उरकून घ्या. आणि हाताशी येईपर्यंत मोठ्या कुरणात सोडू नका, परत धरणं फार अवघड जातं.

धागाकर्ती

खूप खूप आभार! चार दिवस बांबू केला. काल उंचवट्यावर खाजवताना तिने वरचा ओठ लांब काढला आणि मान खाली सोडली, मला रडूच आलं. आज सकाळी बांबू हातभर उरला होता आणि शेवटी माझी बोटंच तिथे टेकली. डॉक्टर आणि नालबंद दोघांना गुरुवारी एकत्र बोलावलंय. पण हे सगळं डाव्या बाजूने. उजवीकडून गेले की पहिल्या दिवसासारखी पळते. त्या बाजूला परत बादलीपासून सुरू करायचं का?