पेपरातली शेवटची दहा मिनिटं: तुमचं काय झालं होतं? (अनुभव धागा)

वाळवणाची_पाटी

लेक आत सीईटीची (बारावीनंतरची प्रवेश परीक्षा) मॉक, म्हणजे सराव पेपर देतेय, दार बंद. मी बाहेर गवार निवडत बसलेय आणि घड्याळ तिच्यापेक्षा मीच जास्त बघतेय. मघाशी आतून आवाज आला, "शी, परत तेच उत्तर!" आणि मी एकदम २००६ सालात.

सांगली. गणिताचा पेपर, ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ मार्क. इंटिग्रेशनचं एक गणित आलं. येत होतं हो! तसली ढीगभर सोडवलेली. उत्तर काढलं तर चारही पर्यायांत नाही. परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा करत होते तेव्हा बाई म्हणाल्या, शेवटची दहा मिनिटं. पुढचे चौदा प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, डोळे मिटून उत्तरपत्रिकेवरचे पर्यायांचे गोळे काळे केले असते तरी चाललं असतं, पण हातच चालेना. पाच कोरे राहिले.

बाहेर बाबा उसाचा रस घेऊन उभे. "अवघड होता का गं?" सोपा होता, हेच तर दुखणं. जे येत नाही ते सोडून देता येतं. जे येतं ते सोडवत नाही.

लिहा तुमचेही. लेकीला वाचून दाखवणार नाहीये, घाबरेल.

उंबरठा

बाप रे, १४! वाचूनच पोटात गोळा आला. रात्री सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

बिनकामाचा_बाळ्या

एमबीए सीईटी. २०० प्रश्न १५० मिनिटांत, म्हणजे एकाला ४५ सेकंद. आणि मी पठ्ठ्या सीटिंग अरेंजमेंटला चिकटलो. आठ माणसं, गोल टेबल, कोण कोणाच्या डावीकडे वगैरे. सात जणांना बसवलं, आठवा कुठेच मावेना. दहा मिनिटं गेली. शेवटी त्याला उभाच ठेवला आणि पुढे निघालो.

शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा ४० प्रश्न बाकी. सगळीकडे तिसरा पर्याय ठोकायचं ठरवलं. पण ऑनलाइन असल्याने नुसतं ठोकून भागत नाही, पर्याय निवडा, मग सेव्ह अँड नेक्स्ट. दोन दोन क्लिक. तिसाव्या की एकतिसाव्याला पडदा गेला.

शेवंता_पुणे३०

आठवा उभाच ठेवला, हसून हसून पुरेवाट. आमच्या लग्नात एक काका असेच पंगतभर उभे होते.

मोगरा_९

मी आत नव्हते, गेटच्या बाहेर होते. मुलाची नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), २०२३. दीडला गेट बंद, दोन ते पाच वीस पेपर. त्या वर्षी २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते, सेक्शन बी मध्ये १५ पैकी कुठलेही १०. ऐकायला बरं वाटतं, पण कुठले पाच सोडायचे हे ठरवण्यातच पोरांचा वेळ जायचा. आमच्याने पंधराही वाचून काढले आणि मग निवडले, चारही सेक्शनला.

हातात घड्याळ नेऊ देत नाहीत. वर्गात भिंतीवर होतं, पण ह्याच्या जागेवरून कपाटाच्या आड. तीनदा मान वाकडी केली तर सरांना वाटलं पुढच्याचं बघतोय. चौथ्यांदा बघायची हिंमतच झाली नाही. मग अंदाजाने. केमिस्ट्री अंदाजानेच गेली बिचारी.

आणि बाहेर आम्ही आया. तीन तास वीस मिनिटं, मे महिना, एक कडुनिंब, त्याखाली ऐंशी माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पाण्याची बाटली मात्र न मागता पुढे येत होती.

उंबरठा

@मोगरा पुढे काय झालं? लागला का नंबर?

मोगरा_९

रिपीट केलं, लातूरला राहून. आता बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टरकी) दुसऱ्या वर्षाला. बायो आधी, आणि प्रत्येक विषय झाला की लगेच त्याचे गोळे, शेवटी ठेवायचे नाहीत, एवढं तिथे पक्कं करून घेतलं. अवांतर: लातुरात मेसचं चांगलं कोणाला माहीत असेल तर सांगा, भाचा जातोय जूनमध्ये.

फळा_आणि_खडू

मी जि. प. शाळेत शिकवतो. आमच्याकडे पाचवीची पोरं नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसतात. ८० प्रश्न, दोन तास. बुद्धिमत्तेचे ४०, गणित २०, भाषा २०. दहा वर्षांच्या पोराला दोन तास म्हणजे किती ते कळत नाही. मी सरावाला दर अर्ध्या तासाने घंटा द्यायचो. पहिल्या दिवशी घंटा झाली तशी निम्मी पोरं पाणी प्यायला पळाली.

एक मुलगी होती, हुशार. गोळा असा भरायची की रांगोळीत रंग भरतेय. कडेला कुठे बाहेर जायचा नाही. मी मोजलं, एका गोळ्याला पाऊण मिनिट. ८० गोळे म्हणजे तासभर, अर्धा पेपर रंगवण्यातच. तिला म्हणालो बाई, जरा वेडावाकडा चालेल. ती म्हणाली, गुरुजी, तुम्हीच म्हणता ना नीट काढ म्हणून.

काय बोलणार.

शेवंता_पुणे३०

गुरुजी, लागली का ती?

फळा_आणि_खडू

नाही. आता दहावीला आहे. वहीची कड अजून तशीच आखते.

धक्का_स्टार्ट

गेट, इंजिनियरिंगनंतर एमटेकसाठी देतात ती परीक्षा. ६५ प्रश्न ३ तास, वेळ भरपूर असं सगळे म्हणतात. स्क्रीनवरचा कॅलक्युलेटर माउसने वापरून बघा एकदा. स्वतःचा नेता येत नाही. ०.०३७ चा वर्ग करायला गेलो, माउस अडकत होता, शून्य दोनदा पडलं, पुसलं, परत. घरी सराव मात्र खिशातल्या कॅलक्युलेटरवर केलेला. एवढंच. ट्रेन आली.

कच्ची_कैरी

नमस्कार ताई, मी तुमच्या मुलीच्याच वयाची असेन, मागच्या वर्षी दिली सीईटी. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून ९० मिनिटं, १०० प्रश्न. ती संपली की ते आपोआप बंद आणि मॅथ्स उघडतं, मागे जाता येत नाही. म्हणून आधी केमिस्ट्री उरकायची. त्यात आकडेमोड कमी, आलं तर आलं. मी अर्ध्या तासात संपवली, मग फिजिक्सला तासभर. आणि तुमच्यासारखं उत्तर पर्यायात नसेल तर दुसऱ्यांदा करायचंच नाही, रिव्ह्यूला टाकून पुढे. मला हे आमच्या सरांनी ओरडून ओरडून शिकवलं तरी मी एकात अडकलेच. प्रोबॅबिलिटी. लाल चेंडू, निळे चेंडू. अजून राग येतो.

बिनकामाचा_बाळ्या

माझा आठवा माणूस घेऊन जा, चेंडू धरायला.

वाळवणाची_पाटी

@कच्ची_कैरी, हे मात्र वाचून दाखवते तिला. गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

लेक आली बाहेर. कसा गेला विचारायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीच विचारलं. तिने परातीकडे बघितलं. "आई, तीन तासांत एवढीच गवार?"

उंबरठा

कोवळी असेल तर मोडून टाका सरळ, शिरा कशाला काढत बसता. आणि शेंगदाण्याच्या कुटाऐवजी एकदा तीळ घालून बघा.