जंगल राखणाऱ्याला पगार दिला तर आपल्या पोटात का दुखतं?

उत्तरवासी: काल इथे एकाने लिहिलं, 'कॅनडा आदिवासींना जंगलात नुसतं हिंडायला ३७.५ कोटी डॉलर वाटतोय.' खाली सगळे खी खी. कॅनडाच्या उत्तरेत, यलोनाइफ शहरात बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय. जंगल राखायचा हा करार आदिवासी सरकारं, केंद्र आणि देणगीदार यांच्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये बेहचोको गावी झाला. ३० कोटी केंद्राचे, साडेसात कोटी खासगी देणगीदारांचे. असेच वाटायचे नाहीत, ट्रस्टमार्फत खर्च व्हायचे. आधी काय व्हायचं? गार्डियन, म्हणजे जंगल-पाणी राखणाऱ्या आदिवासी पोरांचे पगार वर्षावर्षाच्या अनुदानावर. मार्च एंड तिकडेही असतो. शेजारचा पोरगा बर्फाची जाडी मोजायला, पाण्याचे नमुने घ्यायला शिकला. अनुदान लांबलं आणि तो हिऱ्याच्या खाणीत लागला. पुढच्या वर्षी नव्या पोराला पहिल्यापासून शिकवा!

हिशेबनीस: भावना पोचल्या. पण हा करार दहा वर्षांचा, त्याला दीर्घकालीन कसं म्हणायचं? तिथल्याच थायडेने नेने या राखीव मुलखाचं बघा. २०१९, २६,३७६ चौरस किमी, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या पावणेदोन पटीहून मोठं. तिथल्या लुट्सेल के या आदिवासी गावाने दीड कोटी डॉलर उभे केले, दीड कोटी पार्क्स कॅनडाने घातले. मुद्दल तसंच, खर्च व्याजातून. याला म्हणतात सोय.

उत्तरवासी: तीन कोटींवर चार टक्के धरा, वर्षाला बारा लाख. एवढ्या मुलखात बोटी, विमानाचं इंधन, पगार सगळं त्यातच. करा की हिशेब, नावच हिशेबनीस आहे.

अहिंसक_पुणेकर: मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही. हेच लोक कॅरिबू, म्हणजे तिकडची रानटी रेनडिअर हरणं, मारून खातात ना? मग कसलं संवर्धन?

मालवणी_मिरची: आला भाजीवाला. अरे, तिथे फ्लॉवरचा गड्डा विमानाने येतो. तू जाऊन पिकव मेथी.

अहिंसक_पुणेकर: टिंगल नको, आकडे घ्या. कॅरिबूंचा बॅथर्स्ट कळप १९८६ ला ४ लाख ७० हजार, २०१८ ला जेमतेम ८,२००. कुणी खाल्ले?

उत्तरवासी: खाणी आल्या, त्यांचे रस्ते आले, वणवे वाढले, ते नाही दिसलं? २०१५ पासून आमच्या भागात त्या कळपाच्या शिकारीवर बंदी आहे. २०१६ पासून तिथल्या त्लिचो आदिवासींचे म्हातारे आणि पोरं उन्हाळ्यात कॉन्टवॉयटो तळ्याकाठी तंबू ठोकतात. डास चावत असतात, दुर्बीण डोळ्याला. माद्यांमागे पिल्लं किती, अस्वल मागावर आहे का, चारा कसा आहे, सगळं वहीत. हे तुमचं 'नुसतं हिंडणं'.

हिशेबनीस: मधे बोलतो, सॉरी. पहिली हिऱ्याची खाण १९९८ ची. कळप त्याआधीच उतरणीला लागला होता. सगळं खाणीच्या माथी मारू नका.

उत्तरवासी: बरं, नाही मारत. पण २००९ पर्यंत कळप ३२ हजारांवर आला, तो घसरगुंडीचा काळ खाणींचाच आहे.

अहिंसक_पुणेकर: म्हणजे अंदाजच! आणि बंदी सरकारची, कौतुक शिकाऱ्यांचं. वा!

मालवणी_मिरची: कौतुक ऐकून एवढं झोंबतं, तर चामड्याचा पट्टा काढ आधी.

अहिंसक_पुणेकर: वैयक्तिक होऊ नका. कॅनव्हासचा आहे.

धानोरा_फाटा: कॅरिबू सोडा हो. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी २०११ उजाडलं. तिथे ग्रामसभेने स्वतःचा निधी बांबू विकून उभा केला, देणगीदार आला नव्हता. आणि कॅम्पाचा, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचा पैसा? जंगल आमचं तुटतं, खड्डे खणून रोपं लावतं वनखातं. आमच्या गावात मागच्या वेळी सागाची रोपं भर उन्हाळ्यात आली. पाणी कोण घालणार ते कुणी सांगितलं नाही.

हिशेबनीस: कॅम्पासाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

धानोरा_फाटा: काढला होता. तीन जण आले, दोघे स्पेलिंग सुधारायला. वेगळा विषय नाही हा. पैशाची चावी कुणाकडे, एवढंच विचारतोय. तिकडे करारावर आदिवासी सरकारांच्या सह्या आहेत. आमच्याकडे साहेब फायलीवर सही करतो.

हिशेबनीस: चावीचं मान्य. दहा वर्षांनी तिजोरीत काय उरेल, ते मी तेव्हा विचारीन.

उत्तरवासी: जरूर विचारा. सोबत यलोनाइफच्या जायंट माइन या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचंही विचारा. जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिकची भुकटी, मालक कंपनी १९९९ लाच बुडालेली, साफसफाईचा अंदाज ४३८ कोटी डॉलर. तेही करदात्याच्याच खिशातून. त्या बातमीखाली एकही हसरा चेहरा नव्हता.

अहिंसक_पुणेकर: ४३८? बरं, मग ३७.५ ला माझी हरकत नाही. शिकारीला आहेच.