मदत हवी आहे : लोअर परळच्या मॉलजवळ आठ जणांसाठी दुपारच्या जेवणाचं पार्सल

गाळा_नंबर_१४
ऑफिस नवीन जागेत आलंय. लोअर परळ, फिनिक्स मॉलपासून चालत पाच मिनिटं, एका जुन्या गिरणीच्या आवारात. माणसं आठ. जेवणाची सुट्टी १ ते १:४०, त्यामुळे बाहेर बसून जेवणं जमत नाही, पार्सलच लागतं. दोघं शुद्ध शाकाहारी, एक जैन, तिघांना मासे हवेत, उरलेल्यांचं काहीही चालतं. माणशी १८० रुपयांच्या आसपास बसलं पाहिजे. ऑफिसात मायक्रोवेव्ह एकच आहे. मॉलमधलं रोज परवडणार नाही, ॲपवरून मागवलेलं दीडच्या आधी हातात पडत नाही आणि पडतं तेव्हा गार झालेलं असतं. कुठून घ्यावं, कसं घ्यावं?

डिलाईल_रोड
मॉलच्या बाजूला शोधू नका, रुळांच्या पलीकडे जा. सेनापती बापट मार्गावर जागेचं भाडंच एवढं आहे की १८० रुपयांत पोटभर जेवण देणारा तिथे टिकत नाही. लोअर परळचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गावर उतरलात की करी रोड स्टेशनच्या दिशेने पोळीभाजी केंद्रं, छोट्या खानावळी, उडपी असं सगळं लागतं. हा पूल २०१८ पासून बंद होता, २०२३च्या नोव्हेंबरात पूर्ण सुरू झाला. त्यामुळे 'वळसा घालावा लागतो, तिकडे जाऊ नका' असा जुना सल्ला कुठे दिसला तर सोडून द्या.

मात्र हिशोब नीट करा. मॉलपासून पूल ओलांडून जायला १० ते १२ मिनिटं, यायला तेवढीच, वर पार्सल भरायला १०. एक वाजता निघालात तर सुट्टी संपली. फोनवर ऑर्डर १२ वाजता, माणूस बाहेर १२:३० ला, जेवण टेबलावर १२:५५ ला. हे गणित जमत नसेल तर खाली डबेवाल्यांबद्दल कोणीतरी लिहीलच.

कढीपत्ता_वेगळा
वेळेबद्दल थोडं आणखी. या भागात पावणेएक ते दोन ही खरी गर्दी. त्या वेळात उडप्याच्या काउंटरवर बसलेल्या गिऱ्हाइकाचं ताट आधी जातं, पार्सलची चिठ्ठी मागे पडते. सव्वाबाराच्या आत पोहोचलेली ऑर्डर पहिल्या घाण्यातली निघते. भात ताजा, आमटी पातळ केलेली नाही. दोननंतर गेलात तर भाजीत रस्साच उरतो.

ॲपचं कोडं वेगळं आहे. मॉलच्या आतल्या रेस्टॉरंटमधून मागवलं तर रायडरला गाडी लावून, तपासणी ओलांडून, लिफ्टने वर जाऊन परत यावं लागतं. अन्न तयार होऊन काउंटरवर पडून असतं ते याच वेळात. म्हणून ॲपवर मागवायचंच तर रस्त्यालगत दार असलेलं हॉटेल निवडा, अंतर दोन किलोमीटरच्या आत ठेवा. दादरहून तर दुपारी काहीच मागवू नका. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून त्या गाड्यांचा भार इकडच्या पुलांवर येतो. अंगारकीला सिद्धिविनायकाच्या बाजूने येणारं पार्सल म्हणजे नशिबाचा खेळ.

पाच_किलो_पार्सल
आठ थाळ्या घेऊ नका! थाळीत डबा, झाकण, चमचा, पापड, लोणच्याची पुडी यांचे पैसे आठदा लागतात. पोळीभाजी केंद्रातून वजनावर घ्या. आठ जणांना साधारण असं पुरतं :

चपात्या २४ (किंवा भाकऱ्या १६), सुकी भाजी १ किलो, उसळ किंवा रस्साभाजी १ किलो, आमटी सव्वा लिटर, शिजलेला भात १ किलो ३०० ग्रॅम, कोशिंबीर अर्धा किलो. ज्या दिवशी भाकरी घ्याल त्या दिवशी भात किलोभर बास.

हे सगळं पाच-सहा किलोच्या घरात जातं, तेव्हा एकाच्या हातात एकच पिशवी देऊ नका. दोघं जा, किंवा रुंद बुडाची कापडी पिशवी न्या. भात तळाला, आमटीचा डबा त्यावर सरळ उभा, भाजी बाजूने आणि चपात्या सगळ्यात वर. चपात्या खाली गेल्या की वरच्या वाफेने आणि वजनाने त्यांचा लगदा होतो. स्वतःचे स्टीलचे दोन मोठे डबे नेलेत तर आमटी सांडत नाही, पॅकिंगचे पैसेही वाचतात. रिकाम्या डब्याचं वजन आधी काट्यावर करून घ्यायला सांगा, नाहीतर स्टीलचेही पैसे भाजीच्या भावाने द्याल.

गाळा_नंबर_१४
वजनाचं लक्षात आलं, धन्यवाद. जैन सहकाऱ्याचं काय? आणि मासे रोजच्या रोज पार्सलमध्ये चांगले राहतात का?

कढीपत्ता_वेगळा
जैन जेवणात 'कांदा-लसूण नको' एवढं सांगून भागत नाही. बटाटा, गाजर, मुळा, बीटही चालत नाही. उडप्याकडचं नेहमीचं सांबार बाद, कारण त्यात कांदा असतो. चटणीत लसूण आहे का ते विचारा. पावभाजीत बटाटा असतोच, तेव्हा जैन पावभाजी कच्च्या केळ्याची करतात का ते विचारा. सोपा मार्ग सांगतो : त्यांच्यासाठी रोज साधा डोसा, जैन भाजी आणि दहीभात यांपैकी काहीतरी एकाच ठिकाणाहून ठरवून टाका. वेगळा तवा वापरतात का हे एकदाच विचारा, रोज नाही.

डोसा मात्र बंद डब्यात घालू देऊ नका. वाफ कोंडली की पाच मिनिटांत तो चामड्यासारखा होतो. कागदात सैल गुंडाळलेला, तोंड उघडं, चटणी वेगळी. इडली, उपमा, दहीभात ही खरी पार्सलची माणसं, अर्ध्या तासाने तशीच असतात. मिसळ घेतलीत तर तर्री, उसळ, फरसाण आणि कांदा चार जागी. पुरी घेऊ नका.

बांगडा_बरा
माशांबद्दल. रोज नको, आठवड्यातून दोनदा. आणि सगळे मासे पार्सलला सारखे नसतात. रव्यात तळलेले बोंबील पाच मिनिटांत मऊ पडतात, त्यांचं पार्सल नेणं हा बोंबलाचा अपमान आहे. सुरमईचा तुकडा जरा बरा. बांगडा सगळ्यात टिकाऊ, कारण तो मुळात तेलकट, सुकत नाही. तिसऱ्यांचं सुकं, कोळंबीचं सुकं, बांगड्याचं तिखलं हे तर थोडं मुरलं की आणखी चांगलं लागतं. तळलेला तुकडा घ्यायचाच असेल तर झाकणाला दोन भोकं पाडून घ्या, खाली कागद घाला, रश्शाच्या डब्यावर तो डबा ठेवू नका.

सोलकढी नारळाच्या दुधाची असते, उन्हाळ्यात दोनेक तासांत फुटते. आणलीत की फ्रिजमध्ये टाका किंवा लगेच प्या.

वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच गिऱ्हाइकांचे शाकाहाराचे, म्हणून मालवणी खानावळीत त्या दिवशी मासळी कमी आणली जाते, कधी आदल्या दिवशीची असते. बुधवार आणि शुक्रवार उत्तम. श्रावणात आधी फोन करून विचारा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमई बहुतेक बर्फातली येते आणि ताटाचा भाव वर जातो. तेव्हा अंडा करी, सुकट, खाडीची मासळी किंवा सरळ चिकनवर या.

(आणि एसी ऑफिसात तिखलं उघडायच्या आधी शाकाहारी मंडळींना विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.)

पुडी_नको
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊ नका. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं बजावलंय. बिलावर त्याच प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का बघा. जीएसटी रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के, पार्सललाही तोच. छोट्या खानावळीने कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर स्वतःच भरायची सोय) घेतलेली असेल तर तिला तुमच्याकडून वेगळा कर लावताच येत नाही. तरी लावला असेल तर बिल दाखवून विचारा. पार्सलच्या बिलात सेवाशुल्क दिसलं तर काढायला सांगा, ते ऐच्छिक आहे.

मायक्रोवेव्हमध्ये डबा जसाच्या तसा सरकवू नका. बुडावर त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो, तो ५ असला आणि मायक्रोवेव्हची खूण असली तरच. पातळ पारदर्शक डबे (आकडा १) वाकतात. फॉइल तर नकोच.

डिलाईल_रोड
@पुडी_नको, आठ डबे एका मायक्रोवेव्हमध्ये म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी १६ मिनिटं गेली. गरम करायची वेळच येऊ नये असं बघा. भात एकत्र एका काचेच्या भांड्यात, वर चमचाभर पाणी शिंपडून, झाकून चार मिनिटं. आमटी दुसऱ्या फेरीत. चपात्या गरम करायच्या नाहीत, त्या कडक होतात.

उरलेला भात संध्याकाळसाठी टेबलावर ठेवू नका. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतू खोलीच्या तापमानाला वाढतात, आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. दोन तासांत फ्रिज, मे महिन्यात तासाभरात.

खानावळ_जुनी
आता डबेवाल्यांबद्दल. रोज कोणीतरी उठून आणायचं हे महिनाभर चालेल, पुढच्या महिन्यात त्यावरून भांडणं होतील. आठवड्याचे तीन दिवस डबा लावा, दोन दिवस पार्सल ठेवा.

ही सगळी वस्तीच खानावळीची आहे. गिरण्या चालू असताना एकट्या राहणाऱ्या कामगारांना चाळीतल्या बाया महिन्याच्या बोलीवर जेवू घालायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायांना एकत्र आणून. गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी चाळींमधून आणि पोळीभाजी केंद्रांमधून महिन्याचे डबे देणारी घरं ना. म. जोशी मार्ग, करी रोड, लालबाग भागात आजही सापडतात. शोधायचं कसं? ॲपवर नाही. किराणा दुकानदाराला विचारा, स्टेशनबाहेर डबे उतरवणाऱ्या डबेवाल्याला विचारा. डबेवाला घरचाच डबा नेतो असं नाही, खानावळीतूनही उचलतो. पहिले आठ दिवस रोजचे पैसे देऊन बघा, मग महिन्याचं ठरवा.

ठरवताना एवढं आधी बोलून घ्या : चपात्या किती आणि केवढ्या (तीन लहान आणि दोन मोठ्या सारख्याच असतात), भात रोज की दिवसाआड, सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापणार का, आदल्या रात्री किती वाजेपर्यंत 'उद्या नको' कळवायचं, आणि डबा फाटकावर देणार की वर. गिरणीच्या आवारात सुरक्षारक्षक बहुतेक बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. फाटकावर डबा ठेवायची जागा आधी ठरवली नाही तर साडेबाराला आलेला डबा उन्हात एकपर्यंत तापतो.

गाळा_नंबर_१४
फाटकाचं बरं सांगितलंत, आमच्याकडे नेमकं तेच आहे. गणपतीत काय करायचं? आणि शनिवारी आम्ही पाचच जण असतो.

डिलाईल_रोड
गणपतीचे दहा दिवस पलीकडे जाऊच नका. लालबाग, चिंचपोकळी, करी रोड या पट्ट्यात दुपारीसुद्धा दर्शनाची गर्दी असते, रस्ते वळवलेले असतात. डबेवाल्याला आधी विचारून ठेवा, आणि सोयीसाठी रुळांच्या अलीकडचा एक उडपी ठरवून ठेवा. तेवढे दिवस राइस प्लेट. लालबागला लाडू सम्राटची कोथिंबीर वडी घ्यायची असेल तर गणपतीआधी जा किंवा नंतर.

पाच_किलो_पार्सल
शनिवारी उलटं होतं. ऑफिसं अर्धी बंद म्हणून पोळीभाजीवाले कमी करतात आणि दीडपर्यंत संपवतात, मॉलकडे मात्र माणसं येऊ लागतात. पाच जणांना १५ चपात्या, ७०० ग्रॅम उसळ, ८०० ग्रॅम भात. शुक्रवारी दुपारी पैसे देतानाच सांगून ठेवा, म्हणजे तुमचं बाजूला काढून ठेवतात.