तिसऱ्यांमधलं मायक्रोप्लास्टिक : ब्लँकमध्येही तंतू दिसताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) तपासतेय. मुद्दाम तिसऱ्याच घेतल्या. बांगडा, सुरमई आपण पोट साफ करून खातो. तिसरी आतड्यासकट ताटात येते. त्यात पाणी गाळून जगणारा जीव.

पद्धत नेहमीची. मांस १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांवर विरघळवायचं, मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगेल ते फिल्टरवर गाळायचं आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. निळे, काळे, पारदर्शक तंतू भरपूर दिसतात. पण मांस न घालता, बाकी सगळं तसंच करून जो ब्लँक ठेवते, त्यातही तेच निळे-काळे तंतू! तिसऱ्यांपेक्षा कमी, तरी सोडून देण्याइतके कमी नाहीत. पंखा बंद, भांडी काचेची, अंगात पांढरा सुती ॲप्रन. एफटीआयआर (तंतू कशाचा ते अवरक्त किरणांनी ओळखणारं यंत्र) आमच्याकडे नाही.

ब्लँकचा आकडा सरळ वजा करायचा का? कापूस आणि प्लास्टिक वेगळं ओळखायला तापल्या सुईची चाचणी तोंडी परीक्षेत टिकेल का? आणि रेती सुटावी म्हणून आई तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते. नमुनेही तसे भिजवू का? सर म्हणतात नको, मैत्रीण म्हणते भिजवायलाच हवेत.

(५ मिलिमीटरपेक्षा लहान म्हणजे मायक्रोप्लास्टिक, ही माहिती कृपया नको. प्रस्तावनेत लिहून झालीय.)

प्रतिसाद १
ॲप्रन पांढरा, म्हणजे निळे तंतू दुसरीकडून येताहेत. आत कोणते कपडे असतात ते बघा. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), मिठाचं द्रावण, वॉश बॉटलमधलं पाणी, सगळं वापरण्याआधी गाळून घ्या. मीठ समुद्राचंच, कण त्यातही असतात. सरळ वजाबाकी नको. रंग आणि आकारानुसार ब्लँकची सरासरी काढा, त्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवा आणि त्याच्यावर जाईल त्याचाच दावा करा.

न विचारलेलं सांगतो. तापमान ४० वर आणा. ६० अंशांना केओएच पॉलिएस्टरवर परिणाम करायला लागतं. शिवाय मिठाच्या द्रावणाची घनता १.२, पॉलिएस्टरची १.३८ च्या आसपास. तो तंतू खाली बसू शकतो, तेव्हा तळाची रेतीही एकदा बघाच. सुईने प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं, कापूस नाही. पण अहवालात ‘प्लास्टिकसदृश’ एवढंच लिहा आणि थोडे तंतू एफटीआयआर किंवा रामन (तेच काम लेझरने करणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या, मग परीक्षकांना बोलायला जागा उरत नाही.

प्रतिसाद २
भिजवण्याबद्दल सर आणि मैत्रीण दोघंही बरोबर. खाडीतल्या जिवात किती आहे ते हवं असेल, तर काढल्या काढल्या गोठवा. खाणाऱ्याच्या पोटात किती जातं ते हवं असेल, तर आई करते तसं करा. जमलं तर एकाच दिवशीच्या तिसऱ्यांचे दोन गट करा. भिजवायचं पाणी मात्र आधी गाळलेलं असू दे, आणि नंतर ओतून देऊ नका. विष्ठेतून बाहेर पडलेलं त्यातच सापडेल.