डेझीची फुलं आणि तापणारा सूर्य

"गेम खेळून भूशास्त्र येत नाही, दगडच हातात घ्यावा लागतो," असा आक्षेप वर्गात कॉम्प्युटर गेम वापरण्यावर घेतला जातो. अर्धं मान्य. दगडाला पर्याय नाहीच. पण पृथ्वीच्या कवचाची प्लेट वर्षाला काही सेंटीमीटर सरकते, ती बघत कोण बसणार?

१९९० साली आलेल्या 'सिमअर्थ' या ग्रह चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये 'डेझीवर्ल्ड' नावाचा काल्पनिक ग्रह होता. मूळ कल्पना वॉटसन आणि लव्हलॉक या शास्त्रज्ञांची, १९८३ची. ग्रहावर फक्त काळी आणि पांढरी डेझी, आणि हळूहळू तापत जाणारा सूर्य. आधी थंडीत काळ्या फुलांचं फावतं, कारण ती ऊन शोषतात. ऊन वाढलं की पांढरी पसरतात, ते परत फेकतात, आणि तापमान बराच काळ जवळपास स्थिर राहतं. मग एका टप्प्यावर सगळी फुलं पटकन मरतात आणि तापमान उसळतं. खरी गंमत यापुढे: सूर्य थोडा मंद केला तरी फुलं लगेच परतत नाहीत. हे फळ्यावर समीकरणं मांडून सांगितलं तर वर्ग जांभया देतो. स्वतःच्या हातून ग्रह मेला की मात्र "असं का झालं?" हा प्रश्न मुलंच विचारतात.

माझी अडचण वेगळी आहे. गुण दिसायला लागले की मुलं ग्रह सोडून आकड्याशी खेळतात (आपणही तेच केलं असतं म्हणा). म्हणून बटण दाबण्याआधी अंदाजाचा आलेख कागदावर काढून घ्यावा. आणि शेवटी एकच प्रश्न: या ग्रहावर ढग नाहीत, समुद्र नाहीत, ते घातले तर काय बिघडेल?